ऑपरेशनच्या दाराबाहेरचा डबा

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्हाला वाटेल, हा कुणाच्या तरी सहलीचा डबा असावा. निळे अंग, पांढरे झाकण, दोन्ही बाजूंना कड्या आणि खांद्याला अडकवायचा पट्टा, तोही एके ठिकाणी दोऱ्याने शिवलेला. पण माझ्यातून कधी कुणी खाऊ काढला नाही. मी बर्फाचा डबा आहे, बराच जुना, आणि माझे निम्म्याहून अधिक आयुष्य एका आजाराच्या मागे धावण्यात गेले. तो पुढे आणि मी मागे. आजही तसेच आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कुणीतरी जिंकेल म्हणून वाट पाहत बसाल आणि मग माझ्यावर रुसाल.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला दोन भिंती आहेत, एक आतली आणि एक बाहेरची. त्या दोन्हींच्या मध्ये गरम फेस ओतला गेला. तो फुगला, घट्ट झाला आणि कायमचा तिथेच राहिला. म्हणून बाहेर कितीही ऊन असो, माझ्या पोटातला गारवा लवकर हलत नाही. पहिली काही वर्षे मी लशी वाहिल्या. मला पाहिले की लहान मुले आईच्या पाठीमागे लपत. लस देणाऱ्या बाई मात्र माझ्यावर खूष असत. "डबा गुणाचा आहे हो," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ती माझी सुखाची वर्षे. संध्याकाळी मी रिकामा परतायचो, पण तेव्हाच्या रिकामेपणाचा अर्थ वेगळा होता. सगळे ज्याचे त्याला पोचले, असा.

पुढे चकचकीत नवे डबे आले. मला एका मोठ्या रुग्णालयात, वरच्या मजल्यावरच्या संशोधन विभागात पाठवले गेले. तिथे एक डॉक्टर बाई होत्या. सगळे त्यांना नुसते मॅडम म्हणत. त्यांनी मला धुतले, पुसले, झाकण दोनदा उघडून बंद करून पाहिले आणि म्हणाल्या, "चालेल. हा टिकेल."

मॅडम काय शोधत होत्या, ते तुम्हाला नीट समजावून सांगतो. आपल्या पोटात, जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून एक अवयव लपलेला असतो. त्याचे नाव स्वादुपिंड. मोठ्या माणसाच्या पंजाएवढा लांब. अन्न पचवणारा रस तो तयार करतो आणि रक्तातल्या साखरेवरही लक्ष ठेवतो. काम मोठे, पण स्वभाव मुखदुर्बळ. त्याला कॅन्सर झाला तरी तो बरेच दिवस तक्रारच करत नाही. कधी भूक मंदावते, कधी पाठ दुखते. माणूस म्हणतो, झोप कमी झाली असेल, वय झाले असेल. तक्रार ऐकू येते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

असल्या आजारावरचे औषध थेट माणसाला देत नाहीत. आधी काचेच्या बशीत आजाराच्या पेशी वाढवतात, जिवंत, आणि त्यांच्यावर औषध घालून पाहतात. अडचण अशी की, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणाऱ्या त्या पेशी बहुतेक दूरदूरच्या माणसांच्या होत्या. आमच्या भागातल्या माणसाच्या पेशी मॅडमना शोधूनही सापडल्या नाहीत. आजार इथेही होता, माणसे इथेही जात होती, फक्त औषध शोधणाऱ्यांच्या बशीत आमचे कुणी नव्हते. मॅडमना तेवढेच करायचे होते. इथल्या एका माणसाच्या पेशी वाढवायच्या आणि टिकवायच्या.

ऐकायला किती सोपे वाटते! पण स्वादुपिंडाचा तुकडा शरीराबाहेर आला की त्याचाच पाचक रस त्याला पचवू लागतो. म्हणून मी. माझ्या पोटात बर्फ, बर्फात एक नळी आणि नळीत गुलाबी पाणी. ते गुलाबी पाणी म्हणजे पेशींचे जेवण. ऑपरेशन सुरू झाले की ती नळी आत द्यायची. आतल्या मोठ्या सिस्टर गाठीतला वाटाण्याएवढा जिवंत तुकडा तिच्यात टाकून बाहेर देत. मग धावायचे.

धावायला होता एक्स्प्रेस मामा. हा विभागातला शिपाई. पोट सुटलेले, केस पांढरे, पण मी खांद्यावर आलो की जिने दोन-दोन पायऱ्या करत चढायचा. लिफ्टची वाट पाहणे त्याला कमीपणाचे वाटे. "सरका, सरका, गरम होतंय!" असे तो ओरडायचा. लोक दचकून भिंतीला चिकटत. त्यांना वाटायचे, हा उकळता चहा घेऊन चाललाय.

पण खरे सांगू? तो धावला त्यापेक्षा बसून जास्त राहिला. आम्ही दोघे दाराबाहेरच्या बाकावर असायचो. आत सर्जन पोट उघडून पाहत आणि आजार सगळीकडे पसरलेला असे. मग गाठ न काढताच टाके घालावे लागत. थोड्याच वेळात दार उघडे आणि मोठ्या सिस्टर नुसती मान हलवत. मामा वर येऊन मला मोरीत उपडा करी. न वापरलेला बर्फ खडखडत पडे. तो आवाज मॅडमना पलीकडच्या खोलीतही ऐकू जाई. त्यावरूनच त्यांना कळे.

आमच्या शेजारी दुसऱ्या एका कॅन्सरवर काम चाले. त्यांच्या भिंतीवर बऱ्या झालेल्या माणसांचे फोटो होते. ती माणसे दरवर्षी फुले घेऊन येत, भाषणे करत, "यांना यंत्रे द्या, माणसे द्या," असे मोठ्या लोकांना सांगत. आमची भिंत कोरी होती. आमच्या आजारातून उठून आमच्यासाठी बोलायला यावे, असे फारसे कुणी मागे उरतच नसे.

अधूनमधून तुकडा मिळे. एकदा बशीत बुरशी धरली. एकदा पेशी भराभर वाढल्या, सगळे हरखले, मामाने सगळ्यांना चहा पाजला. मग कळले की वाढल्या त्या आजाराच्या पेशीच नव्हेत, गाठीच्या भोवतालच्या जाळीच्या होत्या. त्यांनी खऱ्या पेशींना जागाच ठेवली नव्हती. मामा म्हणाला, "म्हणजे पाहुण्यांनीच घर बळकावलं." त्या दिवशी त्याच्या विनोदावर कुणी हसले नाही.

अशात एक दिवस शिंपीकाका आले.

काकांचे एका चौकात दुकान होते. एका गिऱ्हाइकाला नवा कोट घालून ते आरशासमोर उभे होते. गिऱ्हाईक कोट बघायचे सोडून आरशातल्या काकांकडेच बघत राहिले. म्हणाले, "तुमचे डोळे पिवळे का दिसतायत?" कावीळ निघाली, काविळीमुळे तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडात गाठ सापडली. पण लवकर सापडली. सर्जन म्हणाले, काढता येईल. आमच्या मजल्यावर हे वाक्य फार क्वचित ऐकू येई.

मॅडमची एक रीत होती. कुणाकडेही तुकडा मागायचा तर त्या मला टेबलावर ठेवत, झाकण उघडत आणि आत बघू देत. "तुमचं काहीतरी घेणार, तर कशात घेणार ते दिसायला नको का?" असे त्या म्हणत. त्या दिवशी काका माझ्या पोटात डोकावले. त्यांच्याबरोबर त्यांची लेक होती. ती डोकावली नाही.

"काका, गाठ तर सर काढणारच आहेत," मॅडम म्हणाल्या. "तपासणीला लागते तेवढी जाईल. तिच्यातला वाटाण्याएवढा तुकडा मला हवाय. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात तसूभर फरक पडणार नाही."

"आणि हो म्हटलं तर बाबांना काय फायदा?" लेकीने विचारले.

"काहीच नाही."

"मग कशाला?"

"अगं, मापाला," काका म्हणाले. "मॅडम, मला जे समजलं ते सांगतो. ही सगळी औषधं दुसऱ्यांच्या मापाने बेतलेली. आणि आम्ही ती अंगात घालून म्हणायचं, वा, छान बसलंय! असंच ना?"

"तसंच काहीसं."

"मग घ्या माझं माप. आयुष्यभर मी लोकांची घेतली, माझं कोणी घेतलं नाही. फक्त एक आहे. ते वाढायला लागलं की मला दाखवायचं."

"बाबा, ती काय बाग आहे का बघायला जायला?"

"असू दे गं. पोटात वाढलं ते मला न विचारता. बशीतलं तरी बघू दे."

लेकीला हसू आले आणि लगेच तिने तोंड फिरवले. मॅडम म्हणाल्या, "दाखवीन." हा शब्द त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी मोठ्या सिस्टर रजेवर होत्या. त्यांच्या लेकीचे बाळंतपण होते. त्यांच्या जागी दुसऱ्या रुग्णालयातून आलेली नवी सिस्टर होती. कामात एकदम चोख, नमुना सांडणार नाही, की कुठली बाटली उघडी ठेवणार नाही. मामाने दारातल्या मदतनीस बाईंच्या हाती नळी दिली. "तुकडा ह्याच्यात घालायचा, सांगा बरं का." "सांगते," म्हणत त्यांनी नळी आत ठेवली आणि तेवढ्यात त्यांना शेजारच्या खोलीत हाक आली.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. गुलाबी नळीची ही रीत सगळी मोठ्या सिस्टरांच्या हातात होती. त्यांचा हात आपोआप तिच्याकडे जाई. ती रीत लिहून भिंतीवर लावलेली नव्हती, कुणाला शिकवलेली नव्हती. इतक्या वर्षांत तशी गरजच पडली नव्हती.

आम्ही बाकावर बसलो. दार लवकर उघडले नाही. आमच्या कामात दार लवकर न उघडणे यासारखा दुसरा आनंद नाही. आत गाठ काढणे चालू आहे, हा त्याचा अर्थ. मामाने बुटाच्या नाड्या आवळल्या. झाकण उघडून बर्फ चाचपला. "आज पळायचंय, लेका," असे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला.

दार उघडले. नवी सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात एक मोठी बाटली होती.

"हा घ्या नमुना. झाकण घट्ट लावलंय, नाव घातलंय."

मामाने हात पुढे केला नाही. "ताई, ती गुलाबी नळी?"

"ट्रेवर होती ती? तिच्यावर ना नाव ना काही. मी बाजूला ठेवली."

"आणि हे सगळं कशात आहे?"

"फॉर्मॅलिनमध्ये. मग काय कोरडं देऊ?"

फॉर्मॅलिन म्हणजे नमुने टिकवायचे औषध. त्यात घातलेला तुकडा सडत नाही, विरघळत नाही, वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. तपासणीसाठी तेच लागते आणि कुठल्याही ऑपरेशनमध्ये चांगल्या सिस्टरचा हात आधी त्याच बाटलीकडे जातो. पण फॉर्मॅलिनमध्ये गेलेली पेशी जिवंत राहत नाही. एकही नाही.

"आत थोडं राहिलं असेल, ताई. नखाएवढं. बघा ना."

"सर टाके घालतायत. काढलं ते सगळं ह्यातच आहे." मग मामाचा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "का हो? काय झालं?"

मामाने बाटली माझ्या पोटात ठेवली. तिला बर्फाची काही गरज नव्हती. त्या दिवशी तो धावला नाही. लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला आणि लिफ्ट आल्यावरसुद्धा आत शिरायला त्याला वेळ लागला.

मॅडमनी बाटली खिडकीशी धरून पाहिली. "छान जपलाय," त्या म्हणाल्या आणि ती तपासणीला पाठवून दिली. मग पेशींसाठी तयार ठेवलेल्या बश्यांची झाकणे त्यांनी एकेक करून लावली. काम आटोपल्यावर नवी सिस्टर धापा टाकत वर आली. "मॅडम, मला कोणी बोललं असतं तर—" मॅडम म्हणाल्या, "बोलायला आम्ही हवे होतो. तू तुझं काम नीटच केलंस."

मामाने मॅडमना गळ घातली. "काकांना सांगू नका. म्हणा, वाढायला वेळ लागतो. त्यांना कुठं कळणार आहे?"

"मामा, मी दाखवीन म्हटलंय. दाखवू काय?"

मागताना त्यांनी मला समोर ठेवले होते, सांगतानाही मला बरोबर नेले. काका खाटेवर होते, नाकात नळी, गाल आत गेलेले. मॅडमना पाहून त्यांनी उशीवरून मान उचलली. "काय म्हणतोय आमचा तुकडा? धरलं का मूळ?"

मॅडम स्टुलावर बसल्या. "नाही, काका. आमच्या हातून चूक झाली. तो जिवंत राहिला नाही." आणि जे घडले ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितले.

लेक ताडकन उठली. "उपयोगी पडेल म्हणाला होतात ना? मग?" तिला उत्तर नको होते. ती खोलीबाहेर गेली.

"त्या पोरीला रागावलात का, सिस्टरला?" काकांनी विचारले.

"नाही."

"नका रागावू. हात सवयीनंच चालतो. चालावाच लागतो, नाहीतर आम्ही एवढे कपडे शिवले असते का?" थोडा दम खाऊन ते म्हणाले, "पुन्हा माप घ्यायची वेळ आली तर बोलवा. मी कुठं जातोय?"

पुढचे थोडक्यात सांगतो. वर्षाअखेरीला मोठे अधिकारी विभाग बघायला आले. इतक्या वर्षांत पेशींची एक तरी पिढी टिकली का, असे त्यांनी विचारले. मॅडम म्हणाल्या, नाही. त्यांच्यातले एक जण अगदी मायेने बोलले. "बाई, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण रुग्णच उशिरा येतात, नमुने मिळत नाहीत. तुम्ही दुसरा आजार घ्या. हुशारी वाया का घालवता?" त्यांचे बोलणे खोटे नव्हते, हेच वाईट होते. पेशी वाढवायचे उबदार कपाट ढकलत शेजारच्या विभागात नेले. फोटोंची भिंत होती ना, तिथे. आमच्या खोलीत फरशीवर फक्त त्याचा चौकोनी डाग राहिला.

आणि मग काकांची लेक आली. एकटीच. आजार उलटला होता, आता यकृतात होता.

"सुई घालून तुकडा काढणार आहेत," ती उभ्यानेच म्हणाली. "पुढचं औषध ठरवायला. बाबा म्हणाले, मॅडमना विचारून ये, थोडा हवाय का. या वेळी सगळ्यांना आधीच बजावून ठेवा म्हणाले." मग खाली बघत म्हणाली, "मी मागे रागावले होते. आता मीच सांगते, घ्या."

मॅडम त्या चौकोनी डागाकडे बघत होत्या. "मला हवाय गं. पण वाढवू कुठे? ते कपाटच नाही आता."

"दुसरीकडे कुठेतरी? आपल्या भागात कोणीतरी करत असेल ना हे काम?"

मॅडमनी तिला बसवले आणि तिच्यासमोर फोन लावले. एका ठिकाणी यंत्र होते, चालवणारा माणूस सोडून गेला होता. एका ठिकाणी माणसे होती, पण तिथे असली ऑपरेशनेच होत नव्हती. एका ठिकाणी हसून सांगितले, आम्ही कधीच बंद केले. फोन खाली ठेवून मॅडम म्हणाल्या, "सध्या कोणी नाही."

"मग बाबांना काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी येते."

त्या दोघी गेल्या. मला नेले नाही. तिथे काय बोलणे झाले, मला माहीत नाही. काका त्याच हिवाळ्यात गेले. मॅडम आता खाली रुग्ण तपासतात. त्यांच्याकडे काविळीचा माणूस आला की त्या त्याला लगेच पुढच्या तपासणीला पाठवतात, एवढे ऐकतो.

मी कपाटावर आहे. माझे झाकण वाकले आहे, आतला गारवा कधीच संपला. मामाची बदली ऑपरेशन विभागात झाली. तो कधीमधी वर येऊन माझ्यावरची धूळ झटकतो आणि खालच्या गोष्टी सांगतो. मामाचा तो उद्योग झाला आहे, दुसरे ऐकणारे कुणी नाही.

मित्रांनो, माझ्या गोष्टीतून आशा घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्याकडे ती नाही. पण एक मागणे आहे. तुमच्या हाताला जे आपोआप जमते, ते हातातच ठेवू नका. रजेवर जाण्याआधी, गाव सोडण्याआधी, म्हातारे होण्याआधी ते दुसऱ्या कुणाला तरी तोंडाने सांगा, हात धरून दाखवा. आणि कुणी आपल्या देहातला तुकडा तुमच्या भरवशावर दिला, तर तो घ्यायला निदान जागेवर असा.

खाली ती नवी सिस्टर आता मोठी सिस्टर झाली आहे. मामा सांगतो, स्वादुपिंडाची गाठ बाहेर निघाली की ती बाटलीला हात लावत नाही. आधी दाराकडे वळते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "वरून कोणी आलंय का?"

दाराशी मामाच असतो. तो म्हणतो, "नाही, ताई."

मग ती फॉर्मॅलिनची बाटली उघडते.